पूजा झालेली रबरी होडी

“नारळ फुटलाय साहेब, आता काय तपासायलात?” मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मला म्हणाले. मी येलदरी धरणाच्या काठावर साबणपाण्याची बादली घेऊन उभा. डोकंच फिरलं माझं.

मी परभणीच्या एका वर्कशॉपात फिटर. रबर, पाइप, पंप यातच हयात गेली. सोसायटीला जुनी रबरी होडी घ्यायची होती, म्हणून तपासायला मला बोलावलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळं एसटी उशिरा सुटली. तेवढ्यात यांनी पूजा उरकली! पूजा झालेली वस्तू आमच्याकडं कुणी परत करत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक. नारळ त्यानंच आणलेला.

रबरी होडी म्हणजे हवा भरलेल्या जाड नळ्या. वरून चकाचक दिसते. पण उन्हात पडून राहिली की जोडाचा गोंद सुटतो. म्हणून हवा टाइट भरायची अन् जोडावर साबणाचं पाणी फिरवायचं. जिथं बुडबुडे, तिथं भोक.

होडीला सगळीकडं बोटबोट कुंकू. एका जोडावर मात्र हातभर लांब, जाड थर! असला भक्त मी जन्मात पाहिला नव्हता.

“हे कुणी लावलं?”

“मीच. श्रद्धा हाय आपली,” विकणारा म्हणाला.

“पुसतो.”

“पूजेचं कुंकू? अहो, अपशकुन!” चेअरमन ओरडले.

तेव्हा सखूबाई पुढं आली. तिचा नवरा उद्यापासून याच होडीतून जाळं टाकायला जाणार होता. होडी बुडाली अन् पाय जाळ्यात अडकला की पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही.

“पुसा भाऊ,” ती म्हणाली. “होडीचं पुन्हा लावता येतंय. माझ्या कपाळाचं ऱ्हायला पाह्यजे.”

मी फडकं मारलं. खाली रंग फासलेलं ठिगळ. साबणपाणी टाकताच जोडभर फेस फसफसला. अंगठा लावला तर ठिगळाची कडच वर आली.

“अरे, माणसं बसणार होती ह्यात, माणसं!” माझा आवाज चढला. “देवाच्या नावाखाली झाकतोस?”

“जुना माल हाय. थोडंफार चालतंय,” तो निर्लज्जपणे म्हणाला.

“मग तुमीच बसा,” सखूबाई म्हणाली. “जाऊन या पल्याडच्या काठाला. आमी हितं तुमच्यासाठी दुसरा नारळ फोडतो.”

गडी बसला नाही. हवा सोडून होडी टेम्पोत घातली. चेअरमन मान खाली घालून फुटलेल्या नारळाचे तुकडे वाटत राहिले.

त्यानंतर जुना माल बघायला कुठंही गेलो की मी आधी विचारायचो, “नारळ कुणी आणला?” माल मग बघायचो.