तिघींनी ऐकलेली हाक

एकवीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे मी. वॉर्डात कुणीतरी दिसतं म्हणणाऱ्या नव्या मुलींना मीच रागावायचे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण तिघींनी एकाच दुपारी अनुभवलेलं नाकारू कसं?

केज तालुक्यातलं आमचं छोटं सहकारी हॉस्पिटल. दुष्काळाचं वर्ष. नळ कोरडे, टँकर दिवसाआड. पाणी बादल्यांनी वर न्यायचं, ते वाटेत सांडायचं — आणि पेशंट घसरायचे.

मार्चमध्ये धर्मापुरीच्या एक आजी बाथरूमच्या दारात पडल्या. खुबा मोडला. अंबाजोगाईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तिथेच त्या गेल्या.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, सफाईच्या गयामावशीने फरशी पुसली नव्हती. गयामावशी म्हणाली, सुनंदा सिस्टरने आजींना गुंगीची गोळी दिल्याचं कुणाला सांगितलंच नाही. सुनंदा म्हणाली, ड्युटी तर ताईंची होती, म्हणजे माझी. तेव्हापासून तिघींचं बोलणं बंद. ड्युटी बदलताना नोंदींची वही टेबलावर टाकून निघून जायचो. आणखी दोघं पडता पडता वाचले. आजींचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. मी राजीनामासुद्धा लिहून ठेवला होता.

मे महिना, दुपारचे तीन. टँकरचा हॉर्न वाजला, सगळे नातेवाईक बादल्या घेऊन खाली पळाले. मी ड्रेसिंगच्या खोलीत एकटी. तेवढ्यात सुनंदाचा आवाज — अगदी कानाशी.

"ताई, सात नंबर उठले!"

दोन महिन्यांत तिने पहिल्यांदा हाक मारली होती. हातातलं टाकून धावले. सात नंबरला नांदूरघाटचे एक रिटायर्ड गुरुजी होते. उभं राहिलं की त्यांचं बीपी एकदम उतरायचं. भिंत धरून ते बाथरूमकडे निघालेले, गुडघे वाकत चाललेले... मी डाव्या बगलेत हात घातला, त्याच क्षणी सुनंदाने उजवीकडून धरलं. मागून गयामावशीने स्टूल सरकवलं.

"काहून उठले एकले?" मावशी ओरडली.

गुरुजी रडायलाच लागले. "मंडळी पाण्याला गेल्ती. तुमाला सांगायची लाज वाटली. म्या कुणाला आवाजबी दिला न्हाई."

मी सुनंदाला म्हटलं, "बरं झालं तू हाक मारलीस."

"मी? मी औषधांच्या खोलीत होते. मला तर मावशीने बोलावलं."

मावशी धापा टाकत माझ्याकडे बघत होती. टँकरच्या नळीखाली बादली तशीच सोडून ती दोन जिने चढून आली होती. "सिस्टर, मला तर तुमी बोलावलं. 'मावशी, स्टूल घेऊन या' म्हनले."

म्हणजे गुरुजी पलंगावरून उठायच्या आधीच तिला हाक ऐकू आली असणार. आणि मी तर तोंडच उघडलं नव्हतं.

मी तिथेच फरशीवर बसले आणि बोलून गेले, "आजी पडल्या त्या दिवशी ते पाणी मी पाहिलं होतं. पुसायचं काम मावशीचं, म्हणून ओलांडून गेले."

मग सुनंदा हळूच म्हणाली, "गोळीचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं." मावशीने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी बदलताना आम्ही प्रत्येक पलंगापाशी उभ्या राहून बोलायला लागलो. कुणाला चक्कर येते, कुणाला हात धरून न्यायचं, फरशी कुठे ओली आहे... खरंच पडणं कमी झालं.

तरी जूनमध्ये एक बाळंतीण पडली. आम्ही तिघीही वॉर्डातच होतो, दहा पावलांवर. कुणालाच काही ऐकू आलं नाही. डोक्याला मार लागला होता, आठवड्याने ती गेली.

गुरुजींसाठी हाक कुणी मारली, मला आजही माहीत नाही. आणि तिच्यासाठी का नाही मारली... तेही नाही.