घट्ट झाकणाची बरणी

नातीच्या हातातली बरणी मी उघडून दिली आणि सुनेने कपाळाला हात लावला. नात अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, नुसतं बोट दाखवायची. सून काळजीने बारीक झाली होती. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, शंकरपाळ्यांची बरणी घट्ट लावून तिच्या हातात द्या आणि ती मागेपर्यंत थांबा. मी सलग तिसऱ्या दिवशी थांबलो नव्हतो.

"बाबा, अडचण तिला येऊ द्या ना," सून म्हणाली. "तुम्हीच कशाला सोडवता?"

चौथ्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. नातीने बरणी आपटली, चावली, शेवटी माझ्या मांडीवर ठेवली. मी पंख्याकडे बघत राहिलो. मग तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "उघड."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतक्या घाईने झाकण फिरवलं की अर्धे शंकरपाळे फरशीवर सांडले.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "अहो, ती एकदाच म्हणाली आणि तुम्ही लगेच हललात," ती म्हणाली. "मी दिवाळीपासून सांगतेय, माळ्यावरचा मोठा कुकर काढून द्या."