दिल्लीच्या पदवीला जामीन

दिल्लीला जाऊन आंतरराष्ट्रीय राजकारणात एम.ए. करायचं आहे, असं मी घरात सांगितलं तेव्हा बाबा नुकतेच गिरणीतली पाळी संपवून आले होते. हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, "ते शिकून माणूस काय होतो?"

पुढं हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की तो ऐकला तरी माझी कानशिलं तापायची.

आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते. मी बी.ए. होऊन म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते, पगार नव्वद रुपये. घरात शिक्षणाला कुणाचाच विरोध नव्हता. धम्मदीक्षा घेतल्यापासून तर बाबा ज्याला त्याला सांगायचे, असेल ते विकीन, पण पोरीला शिकवीन. फक्त विकायला काही नव्हतं. फी माफ होणार होती, पण वसतिगृह, जेवण, गरम कपडे, जाणंयेणं मिळून पंधराशे रुपये तरी लागत होते. ते गिरणीतल्या कामगारांच्या पतपेढीतून काढायचे, असं ठरलं. पण परत आल्यावर फेडायचे कशातून?

म्हणून मी गिरगावात माझ्या प्राध्यापकांकडे गेले. घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं, तीन मजली. मी विचारलं, "सर, ही पदवी घेतल्यावर पगार किती मिळेल?"

सरांचा चेहराच उतरला. "अगं, विषय केवढा मोठा आहे! त्यात पगार कुठं आणतेस?"

"कर्ज काढावं लागणार आहे, सर."

"परराष्ट्र खातं आहे, कॉलेजं आहेत, वर्तमानपत्रं आहेत."

"आपल्या कॉलेजातून आजवर कुणी लागलंय का तिथं?"

"तू पहिली लागशील," ते कौतुकानं म्हणाले.

मी चहा संपवला आणि उठले. पहिली लागायला माझी हरकत नव्हती. पण तोवरचं व्याज सर भरणार नव्हते.

चाळीत वेगळीच तऱ्हा. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, प्रभातफेऱ्या, घोषणा. मीसुद्धा शाळा सुटली की मोर्चात जायचे. त्यामुळे दिल्लीचं नाव काढलं की शेजारी चिडायचे. "मुंबई देत नाहीत आपल्याला, आणि तू त्यांच्याकडं शिकायला चाललीस?" समोरच्या खोलीतले काका तर गॅलरीतच अडवायचे. "दोन देशांचं भांडण शिकणार म्हणे! आधी इथलं मिटव." त्यांना काय सांगणार? मी हसायचे आणि आत येऊन भांडी आदळायचे.

त्यातच परळचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत कारकून. मुलाच्या आईला मी आवडले. मग बोलता बोलता कर्जाचा विषय निघाला आणि बाई थबकल्या.

"म्हणजे ते लग्नानंतर फेडायचं?"

"माझ्या पगारातून फेडीन," मी म्हटलं.

"अगं, पण लग्नानंतर तुझा पगार आमच्याच घरात येणार ना?"

मुलगा इतका वेळ पोह्यांकडं बघत होता. तो म्हणाला, "कर्ज फिटेपर्यंत थांबू आपण." जणू माझ्यावरच उपकार! ते पुन्हा आले नाहीत. आई आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती. "जरा गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" म्हणाली. आता कर्ज लपवून का लग्न करायचं होतं मी?

पतपेढीला दोन जामीन हवे होते. एक बाबा. दुसरा मामा, बाबांच्याच गिरणीतला, राहायला शिवडीला. तो लगेच तयार झाला. "मी हाय गो बाय. सही कुठं करायची तेवढं सांग." कमिटीची सभा शनिवारी होती आणि दोन्ही जामिनांनी हजर राहायचं होतं. पैसे तेव्हा मंजूर झाले तरच मी वेळेवर दिल्लीला पोचणार होते.

आठवण करायला म्हणून शुक्रवारी शिवडीला गेले. मामी दारातच भेटली.

"मामा तुझा सत्याग्रहात गेला काल. धरून नेला."

"आणि उद्याची सही?"

"होती ध्यानात त्याच्या. म्हणाला, संध्याकाळपर्यंत सोडतील."

मी उंबऱ्यातच बसले. मामाचा अभिमान वाटायला हवा होता, आणि तो वाटतही होता. पण मुंबई काही शनिवारी मिळणार नव्हती, मग सोमवारी गेला असता तर?

शनिवारी बाबा आणि मी सभेला गेलो. सेक्रेटरींनी विचारलं, "दुसरा जामीन?"

"तुरुंगात आहे," बाबा म्हणाले.

"मग आधी त्यालाच जामीन बघा!" सेक्रेटरी म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

बाबा सभेत कधी तोंड उघडायचे नाहीत. त्या दिवशी ते उभे राहिले. "चोरी करून गेला नाही तो. हसता कशाला?"

हसणं थांबलं. सेक्रेटरी वरमले. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, हे शिकल्यावर मिळकत किती होईल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "कुणालाच माहीत नाही. परत येऊन शाळाच मिळाली तर नव्वदातून फेडीन."

त्यांनी मान डोलावली, पण दुसरा जामीन नाही म्हणून अर्ज पुढच्या सभेवर टाकला. त्या वर्षीची जागा गेली.

मामा काही आठवड्यांनी सुटला. गळ्यात हार घालूनच आमच्याकडं आला आणि म्हणाला, "कुठं करायची गो सही?" मी त्याला पाणी दिलं आणि मोरीत जाऊन रडले. कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. सही झाली, पैसे मिळाले, मी दिल्लीला गेले. मन लावून शिकले. परत आले तोवर मुंबईसह महाराष्ट्र झालेला होता, आणि माझ्या पदवीचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बरेच महिने रिकामे गेले. शेवटी गिरगावातल्या एका वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्यांच्या तारा मराठीत करायचं काम मिळालं. पगार शाळेपेक्षा थोडा जास्त. हप्ता कापला की शाळेपेक्षा कमी. माझ्याबरोबरच्या शिक्षिका तोवर पक्क्या झाल्या होत्या. त्यांचा पगार ऐकला की मला घरी येऊन कुणाशी तरी भांडावंसं वाटे. बहुतेक आईशीच भांडायचे.

काही वर्षांनी एका कॉलेजात हाच विषय शिकवायची जागा मिळाली. कर्जही त्याच सुमारास फिटलं. हप्ता न कापलेला पहिला पगार हातात आला, तेव्हा मी लालबागहून लिहायला एक टेबल आणलं. हमालानं ते दारात ठेवलं. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे कुठं ठेवायचं? माझ्या डोक्यावर?"

"खाटेजवळ."

"तिथं तुझे बाबा निजतात."

मापं घेतली, खाट हलवून पाहिली, कपाट हलवून पाहिलं. टेबल काही आत मावेना. शेवटी ते गॅलरीत ठेवलं. समोरच्या काकांनी सकाळी त्याच्यावर आपला पेपर पसरला, मला बोलावलं आणि एका लढाईच्या बातमीवर बोट ठेवून विचारलं, "काय गो, हे कांगो कुठं आलं?"

मी खुर्ची ओढली आणि त्यांना सांगायला बसले.