पॉलिशरचं पान

गोंदियातल्या राईस मिलच्या यंत्रांसाठी मी दुरुस्तीची वेबसाइट करत होतो. साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, एक कमांड दिली की पानं तयार. मजकूर सांगायला एक म्हातारा फिटर यायचा. बिघाडाला नाव नसलं की तो यंत्राचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा.

तांदळाच्या पॉलिशरचा एक बिघाड सांगताना तो मध्येच थांबला.

"इथून पुढचं मले ठाऊक नाही, मशीन बंद ठेवा, असं लिवा."

"अंदाज तर असेल ना?"

"अंदाजच सांगतला होता एकदा, फोनवर. ऑपरेटरचा हात गेला, भाऊ."

मी तसंच लिहिलं. तयार पान त्यानं ओठ हलवत दोनदा वाचलं, मग उठला.

मी याआधी बऱ्याच साइट केल्या. 'मला ठाऊक नाही' असं त्यांत कुठंच लिहिलेलं नाही.