काउंटरवरून गादीवर

मला कॅश काउंटरवरून काढलं ते माझ्या तोंडामुळे. कामात खोट नव्हती. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण बिलं करायला त्याहून जास्त लागत नाही, आणि मशीन आल्यावर तर तेवढंही लागेना. मी माल मशीनसमोर धरायचे आणि पिशवीत घालायचे. पण माल हातात आला की मला तो दिसतो, त्याला मी काय करू? कोणी चादर आणली की मी म्हणायचे, "ये मत लो, पहली धुलाई में आधी हो जाएगी." बाई चादर तिथेच ठेवून निघून जायची.

एक दिवस मालकाने बोलावलं. दुकान दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या जवळ आहे, कपड्यांचं, तीन मजली. मालक दिल्लीचाच पंजाबी, माझ्या मुलाच्या वयाचा.

"आंटीजी, लोग पूरी दुकान घूमके टोकरी भरते हैं, और आप आखिरी मिनट पे सब वापस रखवा देती हो."

"सब नहीं. चादर और वो पायजामे."

त्याने डोळे मिटून घेतले. म्हणाला, "कल से आप साडी सेक्शन में बैठो. वहाँ जो बोलना है, पहले ही बोल दो. लोहडी तक देखते हैं. नहीं जमा, तो घर पे आराम करना."

लोहडी हा त्यांचा सण, आपल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी येतो. आराम मला नको होता. नोएडातलं आमचं घर दोन खोल्यांचं. मुलगा दिवसभर ऑफिसात असतो, सून घरूनच कंप्युटरवर काम करते. स्वभावाने ती चांगली आहे. मला आवडते, पण दिवसभर नाही. तिलाही मी तशीच आवडते. सकाळी मी मेट्रोने निघते आणि संध्याकाळी परत येते, म्हणून आमचं पटतं. मी कायमची घरी बसले तर काय होईल हे आम्ही कधी बोललो नाही, पण दोघींना माहीत होतं. त्या संध्याकाळी मी मालकाचं सांगितलं तेव्हा माझ्यापेक्षा तिचाच चेहरा उतरला.

"आई, तुम्हाला साड्यांतलं कळतं ना सगळं? मग जमेल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "जमलंच पाहिजे हो."

काउंटरवर मला उंच खुर्ची होती. साडी सेक्शनमध्ये पांढऱ्या खोळीची गादी, भिंतीला कपाटं, आणि गिऱ्हाईक चपला काढून समोर बसणार. गादीवर बसणं सोपं, उठणं अवघड. पहिल्या दिवशी मी बसले ती जेवायच्या सुट्टीलाच उठले, तेही कपाटाची मूठ धरून. मूठ हातात आली.

तिथला जुना सेल्समन बिहारचा, पन्नाशीचा माणूस. घडी धरून असा झटका देतो की साडी पाण्यासारखी पसरते आणि पदर बरोबर बाईच्या मांडीवर येतो. मी तसंच करायला गेले तर साडी एका बाईच्या डोक्यावर जाऊन बसली.

"अम्मा," तो म्हणाला, "मछली नहीं पकडनी है."

त्यापेक्षा मी दोन्ही हातांनी उलगडून दाखवायला लागले. वेळ लागायचा, पण तेवढ्या वेळात मी काय ते सांगून टाकायचे. कोणी उठून जायचं, कोणी हसून दुसरी मागायचं. डिसेंबर असाच गेला. मालक येता-जाता नुसता बघायचा.

जानेवारी लागला आणि दारातली डमी सजवायचं काम माझ्याकडे आलं. दिल्लीत माझी चाळीस वर्षं गेली. मालकाबरोबर बोलताना लोहडी, घरी संक्रांत. तरी साडी निवडायची म्हटल्यावर हात काळीवरच गेला. आमच्याकडे एरवी सणाला काळं चालत नाही, पण संक्रांतीला काळंच नेसतात. थंडीत काळं ऊब धरतं, एवढी साधी गोष्ट आहे. बारीक जरीकाठाची एक काळी साडी मी डमीला नेसवली. माल मागवतानाही मालकाच्या माणसाला सांगितलं, काळ्या भरपूर मागव. त्याने मागवल्या.

सून त्याच्याही पुढे गेली. तिने पुण्याहून हलव्याच्या दागिन्यांचा नवा संच मागवला. तिळावर साखरेचा काटा चढवून केलेले पांढरेशुभ्र दागिने, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. नव्या सुनेला आणि लहान मुलांना घालतात. पैसे तिने स्वतःचे घातले. मी घरी बसू नये असं तिला किती वाटत होतं, ते यावरून कळावं. ते सगळं मी डमीच्या अंगावर चढवलं. विधवेने संक्रांतीचं वाण लुटू नये म्हणतात. विकू नये असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

सेल्समन डमीभोवती एक फेरी मारून आला. "अम्मा, त्योहार पे काला?"

"हमारा त्योहार काला ही होता है."

"आपका. ग्राहक का?"

हे मला आधी सुचलं नव्हतं. पण डमीची साडी सोडायची म्हणजे पुन्हा उभं राहायचं. मी म्हटलं, राहू दे.

लोहडीच्या आदल्या दिवशी एक पंजाबी सासू आली. बरोबर नवी सून आणि लेकीचा लहान मुलगा. डमीपाशीच ती थांबली.

"हाय रब्बा! बहू की पहली लोहडी, और यहाँ मातम सजा रखा है!"

ती मागे वळली, तेवढ्यात मुलाने हार ओढला. हार तुटला आणि पोराने मणी तोंडात कोंबले.

"मोती खा गया! थूक! थूक दे!"

मी मूठ-बिठ न धरता उठले. कशी उठले ते मला अजून कळलेलं नाही. "मोती नहीं हैं, चीनी है. अंदर तिल है." तिचा विश्वास बसेना. मी एक मणी स्वतः खाल्ला, एक तिच्या हातावर ठेवला. तिने चाखला. मग दुसरा मागितला.

"तुम लोग चीनी पहनते हो?"

"पहनते भी हैं, खाते भी हैं. बचत है."

ती हसायला लागली आणि चपला काढून गादीवर बसली. मालक धावत आला तोवर पोरगं बाजूबंदापर्यंत पोचलं होतं. काळं का नेसतात ते मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्यात नाही चालणार.

"तो मत लो. लाल लो." तिने हातात धरलेल्या मरून साडीकडे बघून मी पुढे म्हटलं, "ये वाली वापस रख दो. इसमें लडकी बुखार से उठी हुई लगती है."

सेल्समनने कपाळाला हात लावला. पण सासू सुनेकडे, साडीकडे, पुन्हा सुनेकडे बघून म्हणाली, "बात तो सही है." लाल घेतली. स्वतःसाठीही एक घेतली. सून जाताना डमीकडे वळून बघत होती. लोहडी उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी ती एकटी आली.

"आंटी, वो काली वाली. ऑफिस के लिए. मम्मीजी को मत बताना."

"पूछेंगी तो बता दूँगी."

"पूछेंगी ही नहीं," असं म्हणून तिने साडी नेली.

तोवर लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांतल्या मराठी बायकांनाही डमीची बातमी लागली होती. कोणीतरी फोटो त्यांच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. काही जणी साडी घ्यायला आल्या, काही नुसत्या डमीबरोबर फोटो काढायला. फोटोवाल्यांना मी गादीवर बसू दिलं नाही. पण सगळं विकलं गेलं असं नाही. संक्रांतीच्या संध्याकाळी कपाटात काळ्या साड्यांचा मोठा गठ्ठा तसाच होता, आणि तो बघायला मालक आला. लोहडी होऊन गेली होती. मी पिशवी आवरूनच बसले होते.

"आंटीजी, इतना काला कौन मँगाता है? अगले साल मुझसे पूछे बिना डमी को हाथ मत लगाना." मग उघड्या गळ्याच्या डमीकडे बघून म्हणाला, "और वो चीनी वाला हार दो मँगवाना. एक तो बच्चे ही खा गए."

"अगले साल?"

"हाँ, अगले साल. कल टाइम पे आना."

मी पुढे काही बोलले नाही. सेल्समन म्हणतो, असं त्याने पहिल्यांदाच बघितलं.

घरी सुनेने दार उघडलं. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"पुढच्या वर्षी हार दोन मागव," मी म्हटलं.

तिने हातातल्या उलथन्यासकट मला मिठी मारली.

"पुरे. बाजूला हो, गुळाची पोळी करपतेय."

पोळी खरंच करपली होती. आम्ही तीच आधी खाल्ली.