पुळणीवरची चाकं

किहीमला मोटारी दुरुस्त करणारा तो कोळी आधी अंगठ्याने टायर दाबून बघायचा, मग टाचेने पुळणीवरची ओली वाळू, आणि म्हणायचा, "चालंल." तेवढ्यावर मी निर्धास्त गाडीत बसायचो.

थंडीत ओहोटीच्या वेळी पुळणीवरून मोटार पळवायचा माझ्या मेहुण्याला भारी नाद. यंदा दोन माणसांच्या नव्या गाडीला त्याने वाळूत न रुतणारे रुंद टायर नाकारून तारांची देखणी, अरुंद चाकं बसवून घेतली.

कोळ्याने टायर दाबला, वाळू दाबली. मी गाडीत बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. "चालंल" काही आलं नाही. होडीचा जाड दोर आणून त्याने माझ्या मांडीवर ठेवला.

"हा कशाला रे?" मेहुणा हसला.

"असू द्या, शेट."

गाडी सुटली. मी वळून पाहिलं. तो आमच्याकडे नाही, समुद्राकडे बघत उभा होता.