देवामागचं दार

हीटरवर वाळणाऱ्या लोकरी मोज्यांचा वास आला की मला टोरोंटोतलं ते जुनं देऊळ आठवतं. इमारत मूळची चर्चची, आत राम-सीता. लग्नाचं बोलायला आलेल्या सुमेधाच्या बाबांना मी तिथे नेलं आणि ऐटीत सांगितलं, "दर रविवारी येतो मी इथे, काका."

खरं तर मीही पहिल्यांदाच येत होतो. प्रदक्षिणेला निघालो, देवामागचं दार ढकललं, तर थेट बाहेर बर्फात! दार मागे बंद झालं. अंगात कुर्ता, पायांत नुसते मोजे. अख्ख्या इमारतीला धावत वळसा घालून पुढच्या दाराने आत आलो, तेव्हा काका शांतपणे प्रसादाचा शिरा खात होते.

"दर रविवारी अशी मोठीच प्रदक्षिणा घालता का?"

"पहिल्यांदाच आलोय, काका," मी कबूल केलं. स्थळ हातचं गेलं असं समजून ओले मोजे हीटरवर ठेवले.

काका म्हणाले, "तुमचं खोटं दहा मिनिटंही टिकत नाही. बरंय, सुमेधाला सोपं जाईल."

तेव्हा तो टोमणा वाटला होता. आता माझ्या लेकीलाही असाच, खोटं धड न जमणारा नवरा मिळावा, एवढंच वाटतं.